घट्टा

काचेवर नाव नसतं.
चार हजार चारशे सतरा, मुलगी, वय साडेपाच,
श्वासनळीचा तुकडा तांदळाच्या कणीएवढा,
आणि रिब्निकच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
जानेवारीतल्या दुपारी साडेतीनलाच दिवे लावून
बोगुमिला भिंगावर वाकते.

आधी रंग दिसतो. नेहमी आधी रंगच.
इओसिन प्यायलेल्या पेशी, पोटात शेंदरी दाणे भरलेल्या,
कुणीतरी हाक मारली म्हणून धावून आलेल्या
आणि काम सरलं तरी न गेलेल्या.
वरची लव झडली आहे,
जी धूळ हलक्या हाताने वर सारायची, दिवसरात्र, न सांगता.
तिच्या जागी सुरईच्या आकाराच्या पेशी,
असायला हव्यात त्याहून कितीतरी जास्त,
गळ्यापर्यंत चिकट भरलेल्या.
आणि त्यांच्या खाली तो पट्टा.
ती माप लावते: सात मायक्रॉन.
पुन्हा लावते.
सात.

साडेपाच वर्षांच्या मुलीने
एवढं काय उपसलं असेल?

असा पट्टा तिने पाहिलाय, भिंगाशिवाय:
बापाच्या तळव्यावर, अंगठ्याच्या खाली,
अठ्ठावीस वर्षं खाणीत फावडं धरून पडलेला घट्टा.
लहानपणी ती त्यावर नखाने टकटक करायची
आणि आलॉइझी विचारायचा, कोण आहे?
कातडीला राग येत नाही. ती फक्त
घासतं तिथे जाड होते.
आतलीही तेच करते बिचारी,
जिथे जाड व्हायला जागाच नाही.

रात्री भिंतीपलीकडे टिमेक खोकतो.
दोन, थांबून तीन, मग शिट्टीसारखं बारीक काही,
मग प्लास्टिकच्या नळकांड्यातल्या पडद्याची टिकटिक
आणि आईचा आवाज: दम धर, राजा, दहापर्यंत दम धर.
त्याने तो आणायचा कुठून?
बोगुमिला अंधारात मोजत राहते. कामाची सवय.

स्वयंपाकघरात बापाची शेगडी,
खाणीवरचा स्वस्त चुरा, ओला, पिवळट धूर.
कितीदा बोलून झालं होतं. तो म्हणायचा,
ह्याच कोळशाने तुला शिकवलं.
खरंच होतं ते. त्यावर उत्तर नव्हतं.
आज जेवताना ती नुसतं म्हणाली, सात.
कशाचे सात?
तिने त्याचा हात उलटा करून दाखवला.

पहाटे उठली तर घर गार.
तो कोट घालून, टोपी घालून टेबलाशी,
चहाचा कप दोन्ही हातांत.
कोळसा संपला, म्हणाला.
तळघरात अर्धा टन होता. दोघांनाही माहीत.

बाहेर उणे अकरा. खिडकीतून दिसणारी सगळी धुराडी चालू,
त्यांत एक कमी.
जे जाड झालं ते एका धुराड्याने पातळ होत नाही,
हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?
तरी दोघं कान देऊन बसतात,
टिमेक झोपलाय की काय,
बाप तळवा भिंतीला टेकवून.