कानामागची गाठ

पाणी नंतर, आधी गुंता.
पाण्यानं गाठ आवळते,
रामबागेतल्या डॉक्टर मुळ्येबाई म्हणाल्या.
आणि रोज विंचरा,
दूध तापेस्तोवर तरी.

इंदूरचं सकाळचं ऊन, गच्ची,
मांडीवर पाच महिन्यांचा मखाना.
पट्टा घासतो तिथं, कानामागे,
सुपारीएवढी कडक गाठ.
चिमूटभर कॉर्नफ्लोर, मग बोटं,
मग कंगवा, टोकाकडून.
मुळाशी केस चिमटीत धरलेले,
ओढ त्याच्यापर्यंत पोचू नये म्हणून.

तरी एकदा कळवळला.
अंगठ्याला चावला, मग तोच चाटला.

अंबूआत्याच्या जटेला
आम्ही हळदकुंकू वाहायचो.
त्या भारानं मान कलली तिची,
तेलाचं बोट कुणी लावलं नाही.

उरलेली गाठ कातरीनं उभी चिरली.
मखान्यानं मान झटकली,
आधी इकडे, मग तिकडे,
विश्वास बसेना त्याचा.