अडीच मीटर

धडा तिसरा, गणित अकरावं.
पुस्तक इंग्रजीत, हुक्केरी सर कन्नडात,
आणि मी चेंडू आधी मराठीत वर फेकते,
मग त्याला दोन्हीकडे पोचवून येते.
कमाल उंची अडीच मीटर. सुरुवातीचा वेग काढा.
हवेचा विरोध नगण्य धरा.
माझं येतं वजा एकोणपन्नासचं वर्गमूळ.
कॅल्क्युलेटर एरर म्हणतो आणि गप्प बसतो.

खानापुरात रविवारी कॉलेज बंद,
पण गोव्याचा ट्रक वार बघत नाही.
आई खाली, भरमामामा वर फळीवर.
दोन-दोन विटा जोडीनं सुटतात,
आणि मामा त्या झेलत नाहीच,
नुसते हात पुढं धरतो.
विटा येऊन बसतात
पाव्हण्यासारख्या, न सांगता.

"लवकर धरलीस तर बोटं जात्यात," मामा म्हणाला,
"उशिरा धरलीस तर पाय.
मधी एक जागा हाय बघ,
तितं इटंला वजनच नसतंय."

वजन असतंय, मामा. वेग नसतोय.
हे मी मोठ्यानं म्हटलं, आणि
सरांनी तीनदा फळ्यावर गिरवलेलं
ते मला तिथं, राखेच्या ढिगाजवळ कळलं:
टोकावर वीट थांबते,
ओढणं थांबत नाही.
नऊ पूर्णांक आठ तिथंही तेवढंच, खालीच.
वर जाणं अधिक धरलं
तर ते वजा लिहायला हवं होतं.

शून्य बरोबर यू वर्ग, वजा एकोणपन्नास.
सात.

"काय लिवायलीस?"
"तुझा वेग."
"किती?"
"सात मीटर. सेकंदाला."
"मग?" आई म्हणाली, आणि पुढची जोडी सोडली.
सकाळपासून दोन हजार झाल्या असतील,
एकदाही वर्गमूळ न काढता.
पापण्यांवर लाल धूळ.
तीही नगण्य धरायची का,
पुस्तकात दिलेलं नाही.

मामा सरळ डोक्यावर नाही,
हातभर पुढं उभा आहे,
म्हणजे वीट थोडी तिरकी जाते,
म्हणजे कोन आला, साइन आला, कॉस आला.
ते बारावं गणित. त्याला मी अजून हात लावलेला नाही.

तेवढ्यात थर भरला. मामा विटांवर चढला.
अडीचचे पावणेतीन झाले.
आईनं वर बघितलं, खांदा जरासा सैल केला,
आणि वीट गेली ती बरोब्बर
त्याच्या तळव्यांसमोर जाऊन थांबली.

मी खोडरबर शोधत होते.