तात्पुरती

एकशे चौदा पोरांची खिचडी मी रोज शिजवायची
आणि मला एक शीत उतरत नव्हतं.

घास गळ्यापर्यंत नीट जायचा,
मग छातीच्या मधोमध थांबायचा,
फाट्यावर माणूस थांबतो तसा,
गाडी येईल तेव्हा येईल.
मी ताटावरून उठायची. दोन्ही हात वर. टाचा आपटायची.
वरून गडवाभर पाणी.
कधी उतरायचा.
कधी पहाटे उशीवर सापडायचा,
रात्रीचं वरण जसंच्या तसं, आंबलेलंसुद्धा नाही.

सासू म्हणाली, करणी.
उरकुडे सर म्हणाले, टेन्शन घेऊ नका.
चंद्रकला विहिरीवर सगळ्यांदेखत,
"नखरे होय वो. चून-भाकर गोड नाही लागत आता बाईले."
बांगड्या कोपराकडं चढत गेल्या.
दुसरीतली कोमेश्वरी रोज विचारायची, "काकू, जेवल्या?"
चव पाहूनच पोट भरलं, मी सांगायची.
चव जिभेवर असते. जीभ चांगली होती.

हिंगणघाटला गोळ्या झाल्या. वर्ध्याला दुर्बीण.
मग उभ्या उभ्या पांढरा घोल पाजला
आणि पडद्यावर माझंच आतलं दिसलं:
वर फुगलेला भोपळा,
खाली पाखराची चोच, मिटलेली.
बोंदरे मॅडमनं तिथं बोट ठेवलं.
"हे दार. घास आला की आपोआप उघडतं. तुमचं उघडत नाही."
कोणी लावलं?
"कोणी नाही. नसा थकल्या. का, ते आम्हालाही नीट माहीत नाही."
करणी उतरवणाऱ्यानं निदान नाव तरी सांगितलं होतं.

जाळी बसवू, म्हणाल्या. बारीक तारेची. चार दिवस दार ताणून धरेल, मग काढून घेऊ.
"तात्पुरती आहे, घाबरू नका."
मला हसू आलं.
शाळेच्या रजिस्टरात माझ्या नावापुढं
चौदा वर्षं हाच शब्द आहे.

मे महिना. शाळेला सुट्टी, म्हणून तर आले होते.
जाळी म्हणे ऊब ओळखते, उबेनं फुलते;
गार पाण्यानं आक्रसेल, सरकेल.
बाहेर सेहेचाळीस. कुलरला पाणी नाही.
शेजारच्या खाटेवरची म्हातारी माठातलं घटाघट पिते
आणि मी थर्मासच्या झाकणातून ऊन पाणी,
घोट, घोट, फुंकून.
रात्री आतून कुणी कवाड लोटायचं.
लोट बाप्पा, म्हटलं. जोरानं लोट.

चौथ्या दिवशी त्यांनीच बर्फाचं पाणी सोडलं
आणि ओढून काढली.
मी मागून पाहायला मागितली.
ट्रेमध्ये वीतभर पडली होती,
सुकल्या दोडक्याच्या जाळीसारखी, मलूल.
हजेरी नाही, मानधन नाही,
काम करून मोकळी.

दार पुन्हा मिटू शकतं. मॅडमनं लपवलं नाही.
सहा महिन्यांनी दाखवायला जायचं आहे.

जूनच्या शेवटी शाळा उघडली.
पोरं वाढून झाली. गंजाच्या बुडाशी खरवड उरली,
करपलेली, सराट्यानं खरडून काढावी लागते अशी.
वाटीभर घेतली. चुलीपाशी बसले.
पहिल्या घासाला हात आपोआप वर गेले,
ते खाली आणले.
कोमेश्वरी आता तिसरीत. दारात येऊन उभी.
"काकू, जेवल्या?"

थांब ना माय,
तोंडात घास हाय.