माइकवाला

दारव्ह्याच्या बाजारचौकात माइक माझाच होता,
दोन भोंगे, ॲम्प्लिफायर सोयाबीनच्या पोत्यावर.
भाऊंनी सुभेदार मेजर डोमाजी ढोक्यांना
वर बोलावलं, शाल पांघरली,
वाकताना फोटोवाल्याकडे एकदा पाहून घेतलं.
"यायच्यापुढं आपन कोन?"
टाळ्यांनी भोंगा शिट्टी मारायला लागला.

विरोधातले गुलाबराव उठले, पुलाचं विचारायला,
तर भाऊ गरजले,
"फौजी मानसापुढं आवाज चढवता?"
गुलाबराव बसले.

ढोके उठले.
शाल घसरत होती,
तिची चौकोनी घडी करून खुर्चीवर ठेवली.
"माह्या नावानं त्याले चूप केलं,
मले इचारलं काय?
लेहले आमचे कर्नलसाहेब चुकले
तं मी सांगलं होतं,
साहेब, नकाशा उलटा धरला तुमी.
त्यायनं सुलटा केला. रागावले नाही.
पुलाचं सांगा, भाऊ."

भाऊंच्या माणसानं माझ्याकडे पाहून
दोन बोटांची कात्री केली.
माझे तीन हजार बाकी होते.
मी कळ फिरवली.

ढोक्यांना ते कळलंच नाही बहुतेक.
परेडचा आवाज तो,
जिनिंगच्या भिंतीवर आपटून परत आला,
पुलाचं सांगा.
भेळवाल्यानं झारा थांबवला.

वायर गुंडाळताना रात्र झाली.
शाल तिथंच होती.
आता माझ्या टेम्पोत आहे,
किमतीची चिठ्ठी अजून तशीच,
आणि मला समजत नाही
ती कोणाच्या घरी नेऊन द्यायची.