प्रश्न क्रमांक चौदा

लोबो बाईंनी प्रश्नावलीवर पेन्सिलीनं रेघ मारली:
'श्रद्धा मोजायची नाही, देखरेख मोजायची.
विषय लोकप्रशासन आहे, विसरू नकोस.'
मी मान हलवली. कलिन्याच्या त्या खोलीत
पंखा दोनवर होता
आणि माझं शिष्यवृत्तीचं शेवटचं वर्ष.

मग वरळीच्या कचेरीत फेऱ्या.
धर्मादाय म्हणजे मदत वाटणारं खातं
अशा समजुतीनं काही लोक यायचे, जिन्यातच बसायचे.
बाकीच्यांच्या हातात बदल अर्जाच्या तीन प्रती,
वारलेला विश्वस्त अजून नोंदवहीत जिवंत.
मी प्रत्येकाला विचारायची, चौदावा प्रश्न:
शासकीय नियंत्रणावर तुमचा विश्वास किती?
एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे पूर्ण.
एक म्हातारे म्हणाले, साडेतीन लिहा.
म्हटलं, आजोबा, साडेतीनचा रकाना नाही.
'मुहूर्त साडेतीन चालतात, पीठं साडेतीन चालतात,
तुमच्या विद्यापीठालाच काय झालं?'

माझगावात, गोदीच्या भिंतीला पाठ लावून
खडकाईचं देऊळ. न्यास नोंदणीकृत.
मी गेले ते निरीक्षण करायला.
निरीक्षक दमयंती सारंगही त्यासाठीच आलेल्या,
शब्द एकच, त्यांना फक्त प्रवासभत्ता होता.
दानपेटी उघडली, वर्तमानपत्रावर उपडी केली.
नाणी दहा-दहाच्या चळतीत.
बाद झालेली पाचशेची एक नोट.
केसाची पिन. मंगळसूत्राची तुटकी वाटी.
आणि रबरबँडनं बांधलेले सातशे रुपये,
त्यांना गुंडाळलेली चिठ्ठी, वहीच्या पानाची:

'आई, मागल्या खेपेचे अकराशे चाळीस मी घेतले.
पोरीची फी होती. हे सातशे ठेव.
बाकीचे दिवाळीपर्यंत.'

लेखापरीक्षकाच्या अहवालात
अकराशे चाळीसचीच तूट होती,
लाल शाईत, खुलासा मागवलेला.
सारंग बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली.
विश्वस्त हिराजी केणी समईकडे बघत होते,
पुजारी हिराजींकडे,
झाडणारी वत्सला कुणाकडेच नाही.
गोदीत कुठलंसं जहाज भोंगा देत राहिलं.

बाईंनी लिहिलं: रोख, इतकी इतकी.
किरकोळ वस्तू, चार.
निरुपयोगी कागद, एक.
मग तो निरुपयोगी कागद घडी घालून
रिकाम्या पेटीत परत टाकला,
कुलूप लावलं, वर लाख ओतली,
शिक्का दाबला. सरकारी.

'पंच एकच आहे,' त्या म्हणाल्या, 'तू सही कर.'
मी केली. पंच क्रमांक दोन,
पूर्ण नाव, पत्ता, व्यवसाय: विद्यार्थिनी.

परतताना डॉकयार्ड रोडला चहा घेतला.
धीर करून चौदावा प्रश्न त्यांनाच विचारला.
सारंग बाईंनी बशीत फुंकर मारली.
म्हणाल्या, 'तू काय लिहिणार आहेस
ते आधी सांग.'

मी काहीच लिहिलं नाही. म्हणजे
चौथ्या प्रकरणात सव्वीस तक्ते आहेत,
विश्वसनीयता गुणांक बरा आला आहे,
खडकाईची ओळ तेवढी नव्याण्णव:
माहिती अनुपलब्ध.
लोबो बाईंनी पान उलटता उलटता विचारलं,
या ठिकाणी तुझी भूमिका नक्की काय होती?
बाहेरची, म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं
आणि मर्यादा या मथळ्याखाली
अर्धं पान कोरं सोडायला सांगितलं.

प्रबंध जमा झाला. दिवाळी झाली.
तुळशीचं लग्न झाल्यावर फोन आला:
'मंगळवारी पेटी उघडायची आहे, माझगाव.
पंच मिळत नाहीत. येशील?
आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन ये.'

माझं काम तर संपलं होतं.
सोमवारी रात्री मी झेरॉक्स काढून आणली,
दोन प्रती,
आणि पाकिटातले सुटे मोजले.
का मोजले, विचारू नका.
चारशे साठ होते.