छाट

निपाणीत संध्याकाळी बाळगोंडा चेकर
माझं सूप पुढ्यात ओढतो.
अंगठ्यानं दाबतो. ही सैल,
हिचं तोंड नीट मुडपलेलं नाही,
हिचा दोरा ढिला. फेकतो बाजूला.
हजारातल्या साठ-सत्तर छाट.
सव्वीस वर्षं, रोज.

मला मात्र कुणी पाहिलं नव्हतं कधी.

मंगळवारी दर्ग्यामागच्या शाळेत शिबिर लागलं.
कागद कन्नडात. सही केली मी
मराठीत.
शिवलीला सिस्टर म्हणाली, "बायि तगीरी."
मला वाटलं, बाई म्हणून हाक मारली.
"हं, बोला की," म्हटलं.
ती हसली, स्वतःचं तोंड उघडून दाखवलं.
बाजारापुरतं कन्नड येतं मला,
तोंडापुरतं नव्हतं.

उघडलं.
बॅटरीचा उजेड गालाच्या आत गेला,
जिथं मी मिश्रीचं बोट फिरवते
चुलीला काडी लावायच्या आधी.
तिथं एक पांढरा डाग.
जोंधळ्याएवढा.
दुखत नव्हता, म्हणून नव्हताच.

"लवकर आलात, चांगला झाला,"
ती मोडक्या मराठीत म्हणाली.
बेळगावची चिठ्ठी दिली. गुरुवार.
मी म्हटलं, मजुरी बुडंल की.
ती काही बोलली नाही,
चिठ्ठीवरचा वार परत एकदा गिरवला.

आज बुधवार.
मिश्रीचा डबा कोनाड्यात आहे,
बोट दोनदा तिकडं जाऊन आलं.
अंगणात मालन दात घासत उभी,
बोट काळं.
मोबाइलची बॅटरी लावून मी जवळ गेले.
म्हटलं, "मालन, बायि तगीरी."