लाखांदूर रोडवरचं बेट

डाकराम भोयरच्या परमिट रूमला
यंदा समुद्र आला.
पुतण्या निकेश सात वर्षं जहाजावर दारू ओतून परतला,
पेटीत फुगलेल्या माशाचा कंदील
आणि तोंडात एकच शब्द, टिकी.

मला बोलावणं आलं ते बांबूसाठी.
मी कौतिका, बुरडीण.
सुपं, टोपल्या, धानाच्या ढोल्या, लग्नाच्या परड्या.
भिंतींना चटया सांगितल्या
आणि पेरांचे साठ पेले.
"कांडी जाड घे मावशी, खालचं पेर बंद पायजे."
पेर मला शिकवत होता!

निकेशचा नेम कडक.
रम, अननस, लिंबू, दालचिनी. बस्स.
टीव्ही नाही, सावजी नाही,
झाडीपट्टीच्या नाटकाचं पोस्टर उतरवलं,
नायिकेचा अर्धा गाल भिंतीला चिकटून राहिला
त्यावर माझी चटई.
"एकदा मिसळलं का काका, मंग ते टिकी राहत नाही."

डाकराम वही मिटून हसला.
"अबे, तुयी टिकी तरी कुठची निखळ हाय?
तूच सांगतलं ना,
रम एका बेटाची, देव दुसऱ्या बेटाचे,
न् दुकान मांडनारा अमेरिकेतला.
मंग माया एका मटनानं काय बुडते?"
निकेश बोलला नाही.
अननस जरा जास्तच बारीक चिरला.

देव कोरायला झिंगरू मडावीला सांगितलं होतं.
मोठे डोळे, वासलेलं तोंड, दात.
त्यानं मोबाइलची काच अंगठ्यानं पुसली,
बराच वेळ बघत राहिला.
"कोनाचे हायेत हे?"
"तिकडच्या लोकाइचे."
"त्याइले पुसलं का?"
निकेशनं बर्फाचं भांडं उगाच हलवलं.
झिंगरूनं ओंडका परत सायकलला बांधला.
भिंतीत ठोकलेला खिळा तेवढा राहिला.

मी मात्र नाही म्हटलं नाही, हे सांगते.
माझं सूप त्यांनी उलटं टांगलं, आत पिवळा दिवा.
पाखडायची वस्तू, तिच्यातून उजेड गळत होता,
आणि मला ते आवडलं.
घरी जाताना लाजही वाटली थोडी,
कुणाची, ते कळलं नाही.

गिऱ्हाईक यायचं, राइस मिलचे हमाल, दोन मास्तर,
पेल्यातली छोटी कागदी छत्री काढून कानाला खोचायचे,
विचारायचे, चकना कुठाय?
मोहफुलं पडायचे दिवस होते.
मागच्या झाडाखाली पहाटे पोरी टोपल्या भरायच्या,
तो वास आत यायचा
आणि निकेश खिडकी लावून घ्यायचा.

मग श्रावणात गोसेखुर्दची दारं उघडली.
रात्रीतून चुलबंद फुगली, रोड बुडाला,
रोवणा झालेल्या बांध्या एकसारख्या झाल्या,
आणि परमिट रूमच्या चारी बाजूंनी
पाणी.
आत आम्ही अकरा जण, दोन ट्रकवाले,
एक बकरी, आणि झिंगरू, कमरेपर्यंत भिजलेला.

रमच्या बाटल्या दुसऱ्या रात्री संपल्या.
डाकरामनं चूल पेटवली, सुकट, अंबाडी, तिखट रस्सा.
निकेश बराच वेळ माशाच्या कंदिलाखाली उभा होता.
मग मागच्या दारातून गेला
आणि मोहाचा कॅन घेऊन आला.
लिंबू पिळलं. दालचिनी घालू का नको,
हात मध्येच थांबला होता, मी पाहिला.

"आता हे काय होय?" ट्रकवाल्यानं विचारलं.
"पी ना बे," डाकराम म्हणाला.

झिंगरूनं ओला शेला पिळून
त्या रिकाम्या खिळ्याला अडकवला.
थेंब पडत राहिले चटईवर,
चटई काळी होत गेली, गालापाशी.

माझ्या पेल्यात नेमकं काय होतं, मी विचारलं नाही.
उजेडाकडे धरून तळ बघितला.
पेर गळत नव्हतं.